पिकअपचं मीटर रात्री काळोखात का जातं आणि बिघाड शोधायचा कुठून

जुनी पिकअप चालवणाऱ्या कुणालाही विचारा, गाडीत डोक्याला सगळ्यात जास्त ताप कशाचा, तर इंजिन नाही, गिअर नाही, वायरिंग म्हणून सांगेल. इंजिन बिघडलं तर आवाजावरून कळतं, गिअर अडकला तर हाताला कळतं, पण करंट दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. त्यातल्या त्यात मीटरच्या लाइटी गेल्या की माणूस पार गोंधळतो. आपल्या बेळगावजवळच्या खानापूरच्या बाजूनं भाजी भरून रात्री चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्या गाड्या आहेत, निपाणी-संकेश्वरकडून हायवेनं येणाऱ्या आहेत, त्यातल्या कितीतरी जुन्या गाड्यांचं मीटर काळंकुट्ट असतं आणि ड्रायव्हर मधे मधे मोबाइलची बॅटरी पाडून काटा बघतो. घाटातल्या वळणावर एक हात स्टेअरिंगवर आणि एका हातात मोबाइल, हे बघून मला खरंच भीती वाटते, म्हणून हे सगळं नीट सोप्या भाषेत लिहून काढतोय.

गॅरेजला गेलं की बऱ्याचदा पहिलं वाक्य ऐकू येतं ते म्हणजे मीटर गेलंय, बदलून टाका. माझं म्हणणं एवढंच आहे की मीटर सहसा गेलेलं नसतं. करंट मीटरपर्यंत पोचत नसतो, नाहीतर मीटरमधून परत जात नसतो, नाहीतर एखादा साधा छोटा बल्ब गेलेला असतो. आणि नेमकं काय झालंय हे मीटर न खोलता बरंचसं कळू शकतं, फक्त मीटरच्या लाइटीबरोबर गाडीत आणखी काय काय बंद पडलंय ते बघायला पाहिजे.

मीटरमध्ये दोन जातीच्या लाइटी असतात

हे आधी डोक्यात पक्कं बसवा, कारण निम्मा गोंधळ इथंच होतो. एक जात म्हणजे मीटर उजळवणाऱ्या लाइटी. आकडे आणि काटा रात्री दिसावा म्हणून मागं छोटे बल्ब असतात ते. त्यांचा करंट पार्किंग लाइटच्या वायरवरून येतो, म्हणजे लाइटचा स्विच पहिल्या टप्प्यावर नेला की पुढचे दोन पार्किंग, मागचे दोन टेललाइट, नंबर प्लेटचा बल्ब आणि मीटरचे बल्ब असं सगळं एकदमच पेटतं.

दुसरी जात म्हणजे इशारा देणाऱ्या लाइटी. लाल ऑइलची, लाल चार्जिंगची, हँडब्रेकची, ज्या गाडीत आहे तिथं हीटरची, म्हणजे थंड डिझेल इंजिन चालू करायच्या आधी आतून गरम करणाऱ्या प्लगची पिवळी. यांचा करंट चावी फिरवल्यावर वेगळ्या फ्यूजमधून येतो. डिझेलचा काटा आणि टेम्परेचरचा काटा पण सहसा याच लाइनवर असतात. इंडिकेटरचे हिरवे बाण आणि अप्परची निळी लाइट यांची लाइन तर आणखी वेगळी, ती त्या त्या स्विचवरूनच येते.

म्हणून "मीटरची लाइट गेली" एवढंच सांगून कुणालाच काही कळत नाही. आकडे दिसत नाहीत, की चावी फिरवल्यावर लाल लाइटी येत नाहीत, की दोन्ही? ही वेगवेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधंही वेगवेगळी.

करंट येतो कुठून आणि जातो कुठं

उसाच्या रानाला पाणी देणाऱ्या माणसाला हे लगेच कळेल. विहिरीवर मोटर, तिथून पाइपलाइन, मधे कॉक, मग पुढं प्रत्येक सरीत पाणी. एक सरी कोरडी राहिली तर कोण विहिरीतली मोटर खोलत बसत नाही, त्या सरीच्या तोंडाशी जाऊन बघतात. पूर्ण पट्टाच कोरडा असेल तर कॉक बघतात, आणि सगळं रानच कोरडं असेल तर मग मोटर. गाडीत बॅटरी म्हणजे मोटर, स्विच म्हणजे कॉक, बल्ब म्हणजे सरी. कोरडं कुठून सुरू झालंय ते बघायचं, बिघाड त्याच्या जरा अलीकडंच सापडतो.

फक्त एका बाबतीत करंट पाण्यासारखा नाही. पाणी रानात मुरलं की काम झालं, करंटला मात्र बॅटरीकडं परत जायला वाट लागते. ती वाट म्हणजे गाडीची बॉडी आणि चेसिस, कारण बॅटरीची मायनस केबल तिथंच बोल्ट करून जोडलेली असते. यालाच अर्थ म्हणतात. बल्बला एका बाजूनं करंट आला पण दुसऱ्या बाजूचा अर्थ सुटला, तर बल्ब चांगला, फ्यूज चांगला, स्विच चांगला आणि तरी अंधार. आपल्याकडं पावसाळ्यात खानापूर भागात जो पाऊस पडतो, जी लाल माती चेसिसला चिकटून महिनोन्‌महिने ओली राहते, त्यात अर्थचे स्क्रू गंजणार नाहीत तर काय होणार.

हत्यार उचलायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारा

संध्याकाळी अंधार पडताना गाडी लावा, लाइटचा स्विच पहिल्या टप्प्यावर न्या आणि खाली उतरून बघा.

पार्किंग, टेललाइट, नंबर प्लेट, मीटर सगळंच बंद असेल तर मीटरला हातसुद्धा लावू नका, पार्किंगचा फ्यूज गेलाय नाहीतर स्विचमध्ये काहीतरी आहे. हेडलाइट लागतात म्हणून स्विच चांगला असं समजू नका, हेडलाइटचा टप्पा वेगळा, फ्यूज वेगळा. काही गाड्यांत डाव्या आणि उजव्या बाजूच्या पार्किंगला वेगवेगळे फ्यूज असतात आणि मीटर त्यातल्या एकावर जोडलेलं असतं, अशा गाडीत मीटरबरोबर एकाच बाजूची टेललाइट गेलेली दिसते.

बाहेरचं सगळं चांगलं पेटतंय आणि फक्त मीटर अंधारात आहे, तर बिघाड मीटरच्या जवळ आहे. मीटरचा एकच कोपरा काळा असेल तर बहुतेक तिथला बल्ब गेलाय, आधी तोच बघा. खड्ड्यात गाडी आदळली की लाइट येते-जाते असं असेल तर कुठंतरी लूज काँटॅक्ट आहे, मीटरच्या वरच्या बाजूला हातानं हलकं थापटून बघा, लाइट चमकली तर मागचा कपलर नाहीतर होल्डर ढिला. कपलर म्हणजे वायरींचा झुबका मीटरला जोडणारा प्लॅस्टिकचा तो लॉकवाला जोड.

आणि ज्या गाडीत मीटरचा उजेड कमी-जास्त करायचं छोटं चाक किंवा नॉब आहे तिथं आधी तो पूर्ण फिरवून बघा. हसण्यासारखी गोष्ट नाही, सेकंड हँड गाडी घेतलेल्या माणसाला तो नॉब कशाचा आहे हेच माहीत नसतं आणि सामान ठेवता काढता तो बंदच्या बाजूला फिरलेला असतो. तो बरीच वर्षं एकाच जागी राहिला तर आतला काँटॅक्ट पण खराब होतो, दहा-वीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला की कधी कधी तेवढ्यावरच लाइट परत येते.

फ्यूज उडतोय म्हणजे फ्यूज कमजोर आहे असं नाही

फ्यूज म्हणजे मुद्दाम कच्ची ठेवलेली जागा. वायर तापून पेटायच्या आधी ही पट्टी वितळावी म्हणून ती बसवलेली असते. पात्याचे जे प्लॅस्टिकचे फ्यूज येतात त्यांचे रंग ठरलेले आहेत, तपकिरी ७.५ अँपिअर, लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. फ्यूज काढून उजेडात धरला की आतली पट्टी तुटलेली दिसते. पण नुसतं डोळ्यानं बघून भागत नाही, बारीक चीर दिसत नाही आणि पाती हिरवी पडलेली असली तर पट्टी अख्खी असूनही करंट जात नाही. म्हणून टेस्ट लॅम्प वापरा, म्हणजे १२ व्होल्टचा छोटा बल्ब, त्याच्या एका वायरला चिमटा, दुसरीला टोक. चिमटा बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावायचा, पार्किंग चालू ठेवायची आणि फ्यूज जागेवर असतानाच त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टिकल्यांना टोक लावायचं. दोन्हीकडं पेटला तर फ्यूज चांगला, एकाच बाजूला पेटला तर गेला, दोन्हीकडं नाही पेटला तर करंट फ्यूजपर्यंतच येत नाही.

आता जरा हिशेब बघा. पार्किंगचे पुढचे दोन, मागचे दोन आणि नंबर प्लेटचा एक असे पाच बल्ब साधारण ५ वॅटचे, म्हणजे २५ वॅट. मीटरचे पाच बल्ब १.२ वॅटचे धरले तर ६ वॅट. एकूण ३१ वॅट, बॅटरी १२ व्होल्टची, भागाकार केला तर अडीच अँपिअरच्या आसपास. त्या लाइनला १० अँपिअरचा फ्यूज असेल तर तो चौपट करंट सोसायला बसलाय. असा फ्यूज जर नवीन टाकल्या टाकल्या उडत असेल तर फ्यूजचा काही दोष नाही, कुठंतरी करंटची वायर सोलून सरळ बॉडीला चिकटली आहे. यालाच शॉर्ट म्हणतात.

आणि इथंच लोक जी गोष्ट करतात ती करू नका म्हणून मी हात जोडून सांगतो. १० चा उडतो म्हणून ३० चा टाकायचा, नाहीतर सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळायचा, नाहीतर तांब्याच्या वायरीची तार घालायची. मग फ्यूज उडत नाही हे खरं, पण शॉर्ट तसाच असतो आणि आता वितळायची पाळी वायरीवर येते. ती वायर डॅशबोर्डच्या मागून, कार्पेटखालून, दहा-वीस वायरींच्या झुबक्यातून गेलेली असते, एक तापली की शेजारच्या वितळतात आणि मग शंभर रुपयांचं काम हजारांत जातं. हौद्यात कडबा नाहीतर तंबाखू भरलेली असेल तर पुढचं बोलायलाच नको.

मीटरची लाइट गेली आणि बिघाड नंबर प्लेटपाशी?

हो, आणि हे फार वेळा होतं. मीटर आणि नंबर प्लेटचा बल्ब एकाच लाइनवर आहेत हे वर सांगितलंच. पिकअपमध्ये ड्रायव्हरच्या समोरचं वायरिंग तसं सुरक्षित असतं, हाल होतात ते हौद्याखालून मागं गेलेल्या वायरीचे. चिखल, शेणखत, दगडाचे टोले, मासे आणणारी गाडी असेल तर बर्फाचं खारट पाणी ठिबकून ठिबकून टेललाइटच्या होल्डरवर पडतं. वायर चेसिसच्या कडेला घासून सोलते.

आमच्या ओळखीतल्या एकाची गाडी अशीच होती. मीटर अंधारात, म्हणून त्यानं मीटर बदललं, दोन दिवस लाइट आली आणि पाऊस पडल्यावर परत गेली. नंतर एका म्हाताऱ्या मेस्त्रीनं मीटरकडं बघितलंसुद्धा नाही, मागं जाऊन नंबर प्लेटच्या बल्बचं झाकण काढलं. आत होल्डरमध्ये लाल चिखल घट्ट बसलेला, तांबं हिरवं पडलेलं आणि वायरीचं कव्हर निघून ती पत्र्याला टेकलेली. चिखल ओला झाला, गाडी हलली, वायर टेकली की फ्यूज जायचा. साफ करून, वायरीचा तुकडा बदलून, टेप मारून अर्ध्या तासात काम झालं.

शॉर्ट शोधायची मेस्त्री लोकांची एक युक्ती आहे. प्रत्येक वेळी नवीन फ्यूज जाळत बसायचं नाही, फ्यूज काढायचा आणि त्याच्या दोन खाचांमध्ये ५५ वॅटचा जुना हेडलाइटचा बल्ब वायरीनं जोडायचा. पार्किंग चालू करा. शॉर्ट असेल तर हा बल्ब पूर्ण लख्ख पेटतो, आणि करंट पाच अँपिअरच्या आतच राहत असल्यामुळं वायर जळत नाही. मग मागच्या वायरिंगचा कपलर सोडा. बल्ब एकदम मंद झाला म्हणजे शॉर्ट मागच्या भागात, तसाच लख्ख राहिला तर पुढं. असं एक एक कपलर सोडत जायचं. बल्ब भयंकर तापतो, रेक्झिनच्या सीटवर नाहीतर प्लॅस्टिकवर ठेवू नका.

डॅशबोर्डच्या मागचा शॉर्ट बहुतेक वेळा आपणच केलेला असतो. देवाच्या मूर्तीपुढची एलईडी, टेपची लाइट, गणपतीत टपावर लावलेली माळ, या सगळ्याला करंट कुठून घेतला तर स्विचखाली पार्किंगची वायर सोलून, तिला दुसरी वायर पिळून, वर टेपचे दोन वेढे. देवापुढं लाइट लावायला कुणाचीच ना नाही, पण तिला वेगळा फ्यूज टाकून वेगळी लाइन घ्या, तो पीळ उन्हानं टेप सुटला की नक्की कुठंतरी टेकतो. दुसरा पाहुणा म्हणजे उंदीर. कडब्याच्या गंजीशेजारी, गोठ्यापाशी गाडी लावत असाल तर डॅशबोर्डखाली बॅटरी मारून बघा, कुरतडलेली वायर दिसली नाही तरी लेंड्या दिसतील.

ब्रेक दाबला की मीटर उजळतं, हे काय?

ही तक्रार ऐकून लोक भुताटकी असल्यासारखं बघतात. लाइटचा स्विच बंद, गाडी सावलीत उभी, आणि ब्रेकवर पाय ठेवला की मीटरचे आकडे मंद पिवळे दिसायला लागतात, पाय काढला की परत काळे. काही गाड्यांत इंडिकेटर दिला की टेललाइट पण त्याच्याबरोबर लुकलुकते.

कारण असं आहे. मागच्या टेललाइटच्या एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, ब्रेकची २१ वॅटची आणि पार्किंगची ५ वॅटची, आणि दोघींचा अर्थ एकच. तो अर्थ गंजून सुटला की ब्रेकचा करंट बल्बपर्यंत येतो, त्याला परत जायला वाट सापडत नाही, मग तो दुसऱ्या तारेतून उलटा फिरून पार्किंगच्या वायरीत शिरतो आणि तिथून मीटरच्या आणि बाकीच्या बल्बमधून अर्थ शोधतो. वाटेत इतके बल्ब असल्यामुळं सगळेच मंद पेटतात. हे दिसलं की मीटर उघडायचंच नाही, सरळ मागं जा, टेललाइटचा अर्थाचा स्क्रू काढा, खालचा पत्रा पॉलिशपेपरनं चकचकीत होईस्तोवर घासा, वायरीचं टोक घासा, घट्ट आवळा आणि वरून थोडं ग्रीस नाहीतर व्हॅसलीन लावा म्हणजे पाणी शिरणार नाही.

फ्यूज चांगला, मागच्या लाइटी चांगल्या, मग मीटर उघडायचंच

आधी बॅटरीची मायनस काढा. प्लस आधी काढायला गेलं आणि पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी पडते, म्हणून मायनसच आधी. मग मीटरभोवतीचं कव्हर, त्याचे स्क्रू, आणि मीटर हळू पुढं ओढायचं. जुन्या गाडीत स्पीडोमीटरची केबल मागं अडकवलेली असते, ती क्लिप दाबून नाहीतर फिरवून सोडवायची, ओढाताण केली तर केबलचा खर्च वाढतो. कपलर सोडायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मागं छोटे प्लॅस्टिकचे होल्डर दिसतील, पाव वळसा फिरवला की बाहेर येतात. बल्बची काच काळी पडलेली असेल नाहीतर तार तुटलेली असेल तर तो गेला. शंका असेल तर बॅटरीवर धरून बघा. एक बल्ब गेला असेल तर बाकीच्यांचंही वय तेच आहे, सगळे एकदम बदला, परत मीटर उघडायचा त्रास वाचतो. पण वॅट तेच घ्या. जास्त उजेड पडावा म्हणून १.२ च्या जागी ५ वॅटचा बसवला तर होल्डर वितळतो, आकड्यांचा पट्टा पिवळा पडून वाकतो.

बल्ब चांगले असतील तर होल्डरच्या पितळी पट्ट्या बघा, त्या सैल होतात, पिनेनं हलकंच बाहेर काढल्या की काँटॅक्ट घट्ट होतो. ज्या पातळ फिल्मवर तांब्याच्या रेघा छापलेल्या असतात त्यावर जळका तपकिरी डाग किंवा उचकटलेली रेघ दिसते का बघा. असली रेघ सोल्डर करून जोडता येते पण फिल्म उष्णतेनं लगेच आक्रसते, तो हात बसलेल्या माणसालाच द्या.

नंतर कपलर. मायनस परत जोडा, पार्किंग चालू करा आणि टेस्ट लॅम्पनं कपलरच्या पिना बघा. एका पिनेवर लॅम्प पेटला म्हणजे करंट मीटरपर्यंत येतोय. मग अर्थ, त्याची वायर बहुतेक काळी असते, पण महाराष्ट्रातून घेतलेली, दोन-तीन मालक झालेली गाडी असेल तर वायरीच्या रंगावर अजिबात विश्वास ठेवू नका. कपलर बसवून, लाइट चालू ठेवून मल्टिमीटरचं, म्हणजे व्होल्ट मोजायच्या यंत्राचं एक टोक मीटरच्या अर्थाच्या पिनेला मागून आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला लावा, आकडा जवळजवळ शून्य यायला पाहिजे. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दाखवला तर अर्थ खराब, वायर जिथं बॉडीला बोल्ट केलीय तिथं साफ करा.

एलईडी टाकू का?

आकडे उजळायला टाका की, गरम कमी होतात, टिकतात. दोनच गोष्टी. एलईडीला प्लस-मायनसची बाजू असते, पेटली नाही तर फेकू नका, होल्डरमध्ये उलटी फिरवून बसवा. आणि उजेड कमी-जास्त करायचा नॉब असेल तर तो एलईडीवर नीट चालेलच असं नाही.

पण चार्जिंगच्या लाल लाइटच्या जागी मात्र एलईडी टाकू नका, त्याचं कारण पुढं आहे.

सरळ बॅटरीवरून वायर ओढली तर?

हा उपाय रस्त्याकडेला हमखास सुचवला जातो. अंधार जातो खरा, पण त्या वायरीला फ्यूज नसतो, म्हणजे ती सोलली की अडवणारं काहीच नाही. शिवाय वेगळा स्विच लावला आणि बंद करायचा राहिला तर ६ वॅटच्या लाइटी अर्धा अँपिअर खात राहतात, दिवसाला १२ अँपिअर-तास. ६० अँपिअर-तासाची जुनी बॅटरी दोन-तीन दिवसांत स्टार्टर फिरवायच्या लायकीची राहत नाही. आणि मूळ बिघाड, तो शॉर्ट नाहीतर गंज, जिथं होता तिथंच वाढत राहतो.

गाडी तर पळतेय, लाइट नसून काय बिघडतंय?

आकडे दिसले नाहीत तर एक वेळ सवयीनं माणूस गाडी चालवेल. इशाऱ्याच्या लाल लाइटी गेल्या तर नाही. दररोज चावी फिरवली की इंजिन चालू करायच्या आधी ऑइलची आणि चार्जिंगची लाल लाइट पेटलीच पाहिजे, आणि इंजिन चालू झालं की विझली पाहिजे. लाल लाइट दिसत नाही म्हणजे सगळं ठीक असं लोकांना वाटतं, पण बल्बच गेलेला असेल तर ती कधीच दिसणार नाही, ऑइल संपून इंजिन जाम होईस्तोवर दिसणार नाही. तपासायला सोपं आहे, इंजिनवरच्या ऑइल स्विचची वायर काढून, चावी चालू ठेवून, ती इंजिनच्या लोखंडाला टेकवा. लाइट पेटली तर बल्ब आणि वायर चांगली, स्विच गेलाय. नाही पेटली तर बल्ब, वायर नाहीतर फ्यूज.

चार्जिंगच्या लाइटचं तर आणखी महत्त्वाचं. ज्याला आपण डायनामो म्हणतो तो अल्टरनेटर करंट बनवायला आत चुंबक लागतं, आणि जुन्या पद्धतीच्या अल्टरनेटरला ते चुंबक जागं करायला जो पहिला थोडासा करंट लागतो तो याच लाल बल्बमधून जातो. बल्ब गेला की डायनामो चांगला असूनही चार्जिंग सुरू होत नाही, किंवा इंजिन खूप रेस केल्यावरच होतं. एलईडीतून तेवढा करंट जात नाही, म्हणून तिथं ती नको. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, चालू असताना १३.८ ते १४.४ च्या मधे दिसायला पाहिजे. चालू गाडीत पण १२ च्याच घरात काटा राहिला तर चार्जिंग होत नाही.

हेडलाइटचे ११० वॅट, पार्किंगचे तीसेक, वर पावसात वायपर, म्हणजे रात्री बारा अँपिअरच्या वर खर्च. जुनी बॅटरी एवढा खर्च किती वेळ काढणार? साधा पंप असलेलं डिझेल इंजिन पळत राहतं, पण हेडलाइट पिवळ्या होत होत घाटातच जातात. लोक डायनामो खोलून भरतात, बॅटरी बदलतात, आणि दोष असतो तो मीटरमधल्या बोटाएवढ्या बल्बचा.

आणि पासिंगचं बघा. मालवाहू गाडीला आठ वर्षं होईस्तोवर दर दोन वर्षांनी फिटनेस लागतं, नंतर दरवर्षी. टेललाइट, नंबर प्लेटची लाइट तिथं बघतातच, आणि ती लाइन मीटरच्याच लाइनवर आहे. आदल्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा मीटर मंद झालं तेव्हाच बघितलं तर दोन्ही कामं एकदम होतात.

मेस्त्री म्हणतो अख्खं मीटर बदला

मेस्त्रीचा पण दोष नसतो, तुम्ही गाडी लावून "लाइट नाही" म्हणून निघून गेलात तर तो काय करणार. त्याला सांगा, मामा, टेललाइट चांगल्या आहेत, फ्यूज बघितलाय, लाल लाइटी येतात, फक्त आकड्यांच्या येत नाहीत. नाहीतर सांगा की पाऊस पडला की फ्यूज जातोय. बेळगावात उद्यमबागकडं काय, गावातल्या नाक्यावर काय, वायरिंगचं चांगलं काम करणारी माणसं आपल्याकडं आहेत, तेवढ्या माहितीवर ती बरोबर जागी हात घालतात. आणि मीटर बदला म्हटलं तर एकच विचारा, कपलरला करंट आणि अर्थ दोन्ही येतोय हे बघितलं का? दोन्ही येत असेल, बल्ब नवीन असतील आणि तरी अंधार असेल, तरच मीटरची फिल्म गेलीय म्हणायचं.

आणि खरंच बदलायची वेळ आली तर जुन्या बाजारातलं मीटर घेताना आपलं मीटर सोबत न्या, कपलरच्या पिना मोजून जुळवून घ्या, एकाच मॉडेलमध्ये वर्षाप्रमाणं पिना बदलतात. लावायच्या आधी जुन्या मीटरवरच्या किलोमीटरचा फोटो काढा आणि तो आकडा तारखेसकट बिलावर लिहून घ्या, नाहीतर उद्या गाडी विकताना किलोमीटर कमी दिसले की घेणारा तुम्हालाच विचारणार.